समुद्र राखायचा तर कोळ्याने खायचं काय?

नागपुरात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका मित्राचा प्रश्न आहे. डिसेंबरात तो मालवणला गेला होता. ज्यांच्या घरी उतरला त्यांनी तिथल्या सागरी अभयारण्याविषयी जेवताना सांगितलं, "हे अभयारण्य म्हणजे आमच्या पोटावर पाय." परत येऊन वाचायला घेतलं तर सगळीकडे उलटंच लिहिलेलं: समुद्राचा थोडा भाग राखला की मासे वाढतात आणि शेवटी मच्छीमाराचंच भलं होतं. दोघांत खरं कोण, असं तो विचारतो. खाली आणखी एक ओळ जोडली आहे, "समुद्रापासून इतक्या लांब बसून यावर प्रबंध लिहिण्यात काही अर्थ आहे का?"

उत्तर त्यालाच उद्देशून लिहितो. दुसऱ्या प्रश्नाकडे नंतर येतो. मीही मूळचा विदर्भातलाच. मत्स्यशास्त्र शिकलो, कोकणात मच्छीमार संस्थांबरोबर बरीच वर्षं काम केलं आणि आता विदर्भातल्या तलावांवरच्या सहकारी संस्थांना सल्ला देतो. त्यामुळे खारं आणि गोडं, दोन्ही पाण्यांतलं थोडंफार ठाऊक आहे.

पहिल्याचं सरळ उत्तर असं की दोघंही खरं बोलताहेत, फक्त वेगवेगळ्या गोष्टींविषयी. मासे वाढतील का, हा एक प्रश्न. वाढलेले मासे कोणाच्या जाळ्यात जाणार आणि तोवर थांबलेल्या माणसाची चूल कशी पेटणार, हे पुढचे दोन. पुस्तकं बहुधा पहिल्यावरच थांबतात. तुमचे घरमालक पुढच्या दोनांविषयी बोलत होते. कुठलाही संवर्धनाचा नियम समोर आला की मी एवढंच तपासतो: जो थांबतोय, फळ त्यालाच मिळणार आहे का? मिळणार असेल तर मच्छीमार स्वतःहून नियम मागतो, त्यासाठी मोर्चे काढतो, उपोषणाला बसतो. मिळणार नसेल तर तो नियम किनाऱ्यावर कोणी मनापासून पाळत नाही, आणि मला त्याचं नवलही वाटत नाही.

आता हे उत्तर कशाकशावर अवलंबून आहे ते सांगतो, कारण "मच्छीमार" हा एकच माणूस नाही. सिंधुदुर्गात किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारा गाबित रापणकर, रत्नागिरीचा ट्रॉलरमालक (ट्रॉलर म्हणजे मागे जाळं ओढत नेणारी यांत्रिक बोट), सातपाटीचा पापलेटची जाळी टाकणारा, वसई-अर्नाळ्याकडचा, धारेत डोलजाळं लावणारा डोलकर, रत्नागिरीतल्या मिरकरवाडा बंदराच्या बोटीवर आलेला नेपाळी खलाशी, पहाटे लिलावात उभी राहणारी कोळीण, बोंबील सुकवणारी बाई. या सगळ्यांच्या पोटावर एकाच नियमाचा परिणाम निरनिराळा होतो. बोटीचा हिशेबच बघा. मासळी विकली की आधी डिझेल, बर्फ आणि शिधा वजा होतो. उरलेल्यातून बोटीचा आणि जाळ्याचा वाटा निघतो आणि मग तांडेल (बोट चालवणारा म्होरक्या) आणि खलाशी यांचे वाटे पडतात. प्रमाण गावोगाव बदलतं, काही बोटींवर खलाशी पगारावर असतात. पण बोट किनाऱ्याला लागली की मालकाचं उत्पन्न थांबतं आणि कर्जाचा हप्ता चालू राहतो. खलाशाचं तर सगळंच थांबतं. लिलावात टोपली घेणाऱ्या बाईचं काय होतं, हे सहसा कोणी विचारतच नाही, कारण बोट, जाळं, परवाना यांतलं काहीच तिच्या नावावर नसतं.

पहिला प्रकार वेळेच्या नियमांचा. पावसाळी बंदीपासून सुरुवात करू, कारण ती सगळ्यांना माहीत आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक बोटींनी समुद्रात जायचं नाही. पूर्व किनाऱ्यावर हेच १५ एप्रिल ते १४ जून असतं. बिगरयांत्रिक होड्यांना सूट आहे. हा नियम कोळ्यावर लादला असं शहरात अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात पावसाळ्यात होड्या ओढून शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन पुन्हा लोटायच्या, ही रीत कायद्याच्या कितीतरी आधीची. त्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो आणि बऱ्याच जातींच्या माशांचा तो विणीचा काळ असतो. पूर्वी महाराष्ट्रात बंदी १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा यांपैकी जे आधी येईल तोवर असायची. सगळ्या पश्चिम किनाऱ्याचं वेळापत्रक एक करताना ती ३१ जुलैला संपू लागली. तेव्हापासून पारंपरिक मच्छीमारांच्या संघटनांची मागणी काय असते, तर बंदी वाढवा, पुन्हा १५ ऑगस्टपर्यंत न्या! ज्याच्या पोटावर पाय आला असं आपण समजतो तोच म्हणतो, अजून थोडं थांबू या.

का म्हणत असेल? कारण १ ऑगस्टला समुद्र अजून शांत झालेला नसतो. मोठी, दणकट बोट तरी निघते. छोटा मच्छीमार पौर्णिमेपर्यंत वाट बघतो आणि तो पोचेपर्यंत दोन महिने राखलेल्या माशांवर पहिला हात मोठ्याने मारलेला असतो. बंदी दोघांनीही सारखीच पाळली, वाटा मात्र सारखा पडला नाही. नियम चांगला असूनही तारीख दहा-पंधरा दिवस इकडेतिकडे झाली की त्याचा अर्थ बदलतो. हे समजून घेतलं नाही तर "मच्छीमार बंदीला विरोध करतात" आणि "मच्छीमार बंदी मागतात" या दोन्ही बातम्या एकाच आठवड्यात वाचून माणूस गोंधळणारच.

बंदीच्या दिवसांत घर कसं चालतं? प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बचत-नि-मदत अशी तरतूद आहे. मच्छीमाराने १,५०० रुपये भरायचे, केंद्र आणि राज्याने मिळून ३,००० घालायचे आणि ४,५०० रुपये बंदीच्या किंवा मंदीच्या तीन महिन्यांत परत द्यायचे. महिन्याला दीड हजार झाले. त्यातही मदत ज्याचं नाव क्रियाशील मच्छीमार म्हणून नोंदलेलं आहे त्याला. मासळी निवडणारी, कोळंबी सोलणारी, डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव फिरणारी बाई या नोंदीत यायला फार खटपट करावी लागते. मग ती काय करते? मार्च-एप्रिल-मेमध्ये बोंबील, जवळा (अगदी बारीक कोळंबी), सोडे (सोललेली कोळंबी) सुकवून ठेवते आणि पावसाळा त्याच्यावर काढते. अवकाळी पाऊस मेमध्ये आला की बांबूंवर टांगलेले बोंबील कुजतात. बंदीचं खरं विम्याचं भांडवल त्या मांडवावर लटकलेलं असतं आणि ते वाया गेलं तर त्याचा पंचनामा शेतातल्या पिकासारखा सहजासहजी होत नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा द्यायचा निर्णय घेतला. या बायकांपर्यंत तो कितपत पोचतो यावर मी त्याची किंमत ठरवीन.

दुसरा प्रकार साधनांवरच्या नियमांचा. इथे थोडा जास्त वेळ घेतो, कारण कोकणातलं खरं भांडण याचं आहे.

रापण कधी पाहिली आहे का? मालवणला परत गेलात तर सकाळी किनाऱ्यावर बघा. होडीतून अर्धवर्तुळात जाळं सोडत जातात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन रांगा लावून माणसं ते ओढतात. जवान पुढे, म्हातारे मागे. दोराला हात लावला त्याला वाटा. ज्याच्याकडे होडी नाही, जाळं नाही, अंगात फारसं बळही नाही, तोही चार बांगडे घेऊन घरी जातो. गावातल्या गरिबाची ती एक प्रकारची सोयच आहे. पण रापण समुद्रात मासा शोधायला जात नाही. बांगड्याचा, तारलीचा थवा किनाऱ्याजवळ येईल याची ती वाट बघते. पर्ससीन जाळं नेमकं उलटं काम करतं. ते थवा शोधतं, त्याला सगळीकडून वेढतं, खालून दोरी ओढून बटव्यासारखं तोंड आवळतं आणि सगळाच्या सगळा उचलतं. तोच थवा पुढच्या दोन दिवसांत रापणीला लागणार होता. त्यात एलईडीचे दिवे लावले की मासा स्वतःच उजेडाकडे येतो, मग शोधायचेही कष्ट नाहीत.

म्हणून रापणकर आणि पर्ससीनवाले यांच्यात सिंधुदुर्गात इतका तंटा झाला. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. पर्ससीनचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याच्या हद्दीत, म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, पर्ससीनचे परवाने मर्यादित करायचे आणि हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवायचा असं ठरलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने त्यापलीकडच्या, देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रातही एलईडीवर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याचा कायदा दुरुस्त करून दंड लाखांत नेले आणि पूर्वी तहसीलदाराकडे असलेला निवाड्याचा अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे दिला. जानेवारी २०२५ पासून ड्रोनने टेहळणीही सुरू झाली.

हे सगळे संवर्धनाचे नियम आहेत आणि यातले बरेच नियम मच्छीमारांनीच भांडून मिळवलेले आहेत. केरळात तर ऐंशीच्या दशकात पारंपरिक मच्छीमारांनी, त्यांच्यासोबत काही ख्रिस्ती नन आणि धर्मगुरूंनी उपोषणं करून १९८८ मध्ये पावसाळी ट्रॉलबंदी आणवली. तेव्हा "संवर्धन विरुद्ध मच्छीमार" ही मांडणी प्रबंधात करू नका, ती पहिल्याच प्रकरणात कोसळेल. भांडण बऱ्याचदा मच्छीमार आणि मच्छीमार यांच्यात असतं आणि नियम कोणाच्या बाजूने लिहिला जातो, कोणावर चालवला जातो, यावर त्याचा निकाल लागतो. पर्ससीनवाल्याचीही बाजू ऐकाच. त्याने कर्ज काढून बोट बांधली, तेव्हा परवाना देणारं सरकारच होतं. शेजारच्या राज्यांतले वेगवान ट्रॉलर रात्री आपल्या हद्दीत येऊन मासळी नेतात, तेव्हा "आम्हीच तेवढे का थांबायचं?" हा त्याचा सवाल मला खोटा वाटत नाही.

तिसरा प्रकार माशाच्या आकाराचा. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट, म्हणजे आपला सरंगा, राज्यमासा म्हणून जाहीर झाला. तेव्हा खात्याचे मंत्री चंद्रपूरकडचे होते, म्हणजे समुद्र नसलेल्या जिल्ह्यातून आलेल्या माणसाने समुद्राचा मासा राज्याचा केला. मागणी अर्थातच सातपाटीकरांची जुनी. त्याच वर्षी ५४ जातींसाठी किमान आकार ठरला, त्याहून लहान मासा पकडायचा नाही आणि विकायचा नाही. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे. तुमच्या खिशातल्या मोबाइलपेक्षा आखूड पापलेट ताटात आलं तर समजा की त्याला एकदाही वीण करायची संधी मिळालेली नसणार.

कागदावर हा नियम निर्दोष आहे. पाण्यात मात्र त्याची अडचण अशी की मासे जातीजातीने रांगा लावून येत नाहीत. डोलजाळं खांबांना किंवा नांगराला बांधून भरती-ओहोटीच्या धारेत उभं करतात. धार जे आणेल ते त्याच्या शेपटात जमतं. त्यात जवळा येतो, बोंबील येतो, मांदेली येते, आणि हंगामात पापलेटची पोरंही येतात. जाळं वर ओढेपर्यंत ती मेलेली असतात. ती समुद्रात परत टाकली काय आणि बंदरात आणली काय, पापलेटला फरक पडत नाही. फरक पडायचा तर आस मोठा हवा, म्हणजे जाळ्याचं भोक मोठं, पोरं निसटतील असं. पण जवळा तर मुळातच बारीक. मोठ्या आसातून तो सगळाच निघून जाईल, आणि जवळ्यावर जगणारी डोलकराची आणि सुकवणाऱ्या बाईची पूर्ण घरं आहेत. पापलेट राखायला गेलात तर जवळेवाला बुडतो, जवळेवाल्याला सांभाळलं तर पापलेटची पोरं मरतात. यावर एकच सरसकट उत्तर नाही. ज्या महिन्यांत आणि ज्या जागी पोरं लागतात तिथे तेवढ्यापुरती डोल उचलायची, त्या दिवसांची काही भरपाई द्यायची आणि बाकीच्या वेळी मोकळं सोडायचं, हा मार्ग मला सगळ्यांत व्यवहार्य वाटतो. त्याला दर हंगामात डोलकरांशी बसून नोंदी ठेवाव्या लागतात. बाजारात टेप घेऊन उभं राहणं सोपं असल्यामुळे नियम बहुधा तिथेच राबवला जातो आणि दंड बसतो तो टोपलीवाल्या बाईला, जिने जाळं टाकलेलंच नाही.

इथपर्यंतचा गोषवारा एवढाच: वेळेचा नियम तारखेवर तरतो किंवा बुडतो, साधनाचा नियम तो मोठ्यावर खरोखर चालवला जातो का यावर, आणि आकाराचा नियम जाळ्याच्या आसावर.

चौथा प्रकार जागेच्या बंदीचा, म्हणजे तुमचं मालवणचं अभयारण्य. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. आत गाभ्याचा भाग तीन चौरस किलोमीटरच्या थोडा वर. प्रवाळ आहेत, खडक आहेत, माशांच्या पिल्लांना लपायला जागा आहे. म्हणजे जागेची निवड चुकीची नव्हती. पण ते वन्यजीव कायद्याखाली जाहीर झालं, जंगलासारखं. गावकऱ्यांचा पहिला प्रश्न साहजिक होता, आमच्या दारासमोरच्या पाण्यात आम्ही जायचं की नाही? त्याचं त्यांना पटेल असं उत्तर वर्षानुवर्षं मिळालं नाही. मासेमारी चालूच राहिली, विरोधही चालूच राहिला. म्हणजे तुमच्या घरमालकांच्या पोटावर पाय प्रत्यक्षात किती आला यापेक्षा तो केव्हाही येईल ही टांगती तलवार मोठी. अशा अवस्थेत माणूस दूरचा विचार करत नाही, आज मिळतंय ते उचलतो. हक्क आधी लिहून दिला असता तर राखणदारी त्याच लोकांनी केली असती, असं माझं मत आहे.

आणि हेही खरं की त्याच प्रवाळांमुळे मालवणात स्नॉर्केलिंग, स्कूबा आणि पर्यटकांच्या होड्या आल्या. तुम्ही ज्या घरात उतरलात ते घरही त्यावरच चालतं. मच्छीमारांची मुलं त्यात कमावतात, हे चांगलंच आहे. पण "पर्यटन हा पर्याय" असं वाक्य अहवालात दिसलं की मी थबकतो. हा पैसा ज्याच्याकडे पाहुणे उतरवायला खोली आहे किंवा इंजिनाची होडी आहे त्याच्याकडे जातो. वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने कासवांची घरटी राखली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि घराघरांत पाहुणे राहू लागले. वेंगुर्ल्याला बायकांचा बचतगट कांदळवनात होडीने फिरवतो. दोन्ही कामं मला आवडतात. ती मर्यादित लोकांची हंगामी कमाई आहे एवढं लक्षात ठेवून लिहा, म्हणजे झालं.

जागेच्या बंदीविषयी एक जीवशास्त्राची गोष्ट, जी अर्थशास्त्रात फार उपयोगी पडते. मासा जितका एका जागी राहणारा, तितकी राखणाऱ्याला त्याची खात्री जास्त. केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी खाडीत तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे शिंपले, काढणारे लोक आहेत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला उत्पादन घसरलं. मग डिसेंबर ते फेब्रुवारी काढणी बंद, जाळीचा आस ठरलेला, फार बारीक तिसऱ्यांची निर्यात नाही, असे निर्बंध आले आणि टिकले. २०१४ मध्ये शाश्वत मासेमारीचं मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं (एमएससी) प्रमाणपत्र मिळवणारी ती भारतातली पहिली मत्स्यसंपदा ठरली. तिसरी पळून जात नाही; आज सोडली ती मार्चमध्ये तिथेच, त्याच माणसाला सापडते. बांगडा आज मालवणला राखला तर उद्या तो रत्नागिरीत किंवा गोव्यात कोणाच्या तरी जाळ्यात असेल. म्हणून खाडीतले नियम गावपातळीवर चालतात आणि थव्याच्या माशांना एका गावाचा शहाणपणा पुरत नाही.

पाचवा प्रकार संरक्षित प्राण्यांचा, तो थोडक्यात. डिसेंबर २०१८ पासून राज्यात अशी योजना आहे की जाळ्यात कासव, डॉल्फिन, बहिरी मासा म्हणजे व्हेल शार्क असा प्राणी अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून तो सोडला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. फोटो किंवा व्हिडिओ लागतो, बोटीची कागदपत्रं लागतात. मला ही योजना मनापासून पटते, कारण आधी जो प्राणी गुपचूप मरायचा त्याचा आता मोबाइलवर व्हिडिओ येतो. भरपाई जाळ्याची आहे, त्या दिवशी बुडालेल्या कमाईची नाही, एवढी त्यातली उणीव. याच्या उलट उदाहरण कोळंबीचं. ट्रॉलजाळ्यात कासवं मरू नयेत म्हणून जाळ्याच्या गळ्याशी एक जाळीदार चौकट बसवतात. कोळंबी गजांतून आत जाते, कासव झडपेतून बाहेर पडतं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्याकडच्या जाळ्यांसाठी ती तयार केली आहे. ट्रॉलरवाल्यांना भीती की झडपेतून कोळंबीही जाईल. ती सरसकट वापरात नाही म्हणून अमेरिकेने २०१९ पासून भारताची समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं थांबवलं. तळ्यात वाढवलेली वनामी जातीची कोळंबी मात्र जाते. परिणामी ज्याच्या जाळ्यात वर्षभरात एकही कासव आलं नाही, त्याच्याही कोळंबीचा एक मोठा गिऱ्हाईक गेला.

आकडे वापरताना एक सावधगिरी बाळगा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये महाराष्ट्राची सागरी मासळी २.०१ लाख टनांवर आली, ४५ वर्षांतली सर्वांत कमी. आदल्या वर्षी ती २.९५ लाख टन होती. हा आकडा बेसुमार मासेमारीचा पुरावा म्हणून सर्रास दिला जातो. पण त्या वर्षी क्यार आणि महा ही चक्रीवादळं ऐन हंगामात आली आणि बोटी किनाऱ्याला बसून होत्या. जितके दिवस बोट पाण्यात नव्हती तितकी मासळी आकड्यात नाही. म्हणून एका वर्षाच्या टनांवरून नियम फसला किंवा फळला, काहीच सिद्ध होत नाही. टनांच्या शेजारी मासेमारीचे दिवस आणि डिझेलचा खर्च मांडा.

मच्छीमारांचा अविश्वास कुठून येतो, हेही प्रबंधात यायला हवं. डहाणूजवळ वाढवण बंदराला केंद्राने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, प्रकल्प ७६,२२० कोटींचा. तिथल्या मच्छीमारांचा विरोध फार जुना. ज्या माणसाला साडेतेरा सेंटिमीटरहून आखूड पापलेटवरून दंड होऊ शकतो, त्याच्या मासेमारीच्या जागेवर समुद्रात भराव घालून बंदर उभं राहणार असेल, तर संवर्धनाचं व्याख्यान तो किती गांभीर्याने ऐकेल? दुसरीकडे वरळीला कोस्टल रोडच्या खांबांमधलं अंतर होड्यांना पुरत नाही म्हणून कोळीवाड्याने लढा दिला आणि एका ठिकाणी ते ६० मीटरवरून १२० मीटर करून घेतलं. म्हणजे ऐकलं जात नाही असं नाही. पण ऐकवण्यासाठी केवढं झगडावं लागतं ते बघा.

आता नागपूरचं. लांब बसून अर्थ आहे का, म्हणता. आपल्या दाराशी पेंचचं व्याघ्रक्षेत्र आहे. तिथल्या तोतलाडोह जलाशयात मासे धरण्यावरून जे झालं ते मालवणच्या प्रश्नाचंच गोड्या पाण्यातलं रूप. मध्य प्रदेशाकडच्या बाजूला ३०५ विस्थापित आदिवासींना दिलेल्या मासेमारी परवान्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९७ च्या निकालात न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत, अटी घातल्या: फोटोचं ओळखपत्र, ठरलेल्या वाटेनेच ये-जा, जंगलात आग पेटवायची नाही. तो निकाल मिळवून वाचा आणि विचारा की मालवणला १९८७ मध्येच असं काही लिहून दिलं असतं तर काय झालं असतं. भंडारा-गोंदियातल्या जुन्या मालगुजारी तलावांवर मासे धरणारे ढिवर समाजाचे लोक हेही तुमच्या कामाचे. तिथे संस्थेला तलाव ठेक्याने मिळतो. तलाव आपल्याकडे किती वर्षं राहणार हे ठाऊक असेल तेव्हा ते पाणवनस्पती लावतात, देशी मासा राखतात. ठेका जाईल असं वाटलं की दिसेल ते उपसतात.

प्रबंधासाठी माझी सूचना अशी. मालवणला पुन्हा डिसेंबरात जाऊ नका, तेव्हा सगळे पर्यटकांत गुंतलेले असतात. जूनच्या शेवटी जा. बोटी शाकारलेल्या असतात, पुरुष जाळी दुरुस्त करत बसलेले असतात आणि बोलायला वेळ असतो. प्रश्नावली मालकाकडे एक, खलाशाकडे एक आणि विकणाऱ्या बाईकडे एक, अशी वेगवेगळी न्या. "संवर्धनाबद्दल तुमचं मत काय" असं विचारू नका, त्याचं उत्तर तुम्हाला हवं तेच मिळेल. गेल्या बंदीत घरखर्चासाठी पैसे कोणाकडून घेतले, किती व्याजाने, आणि ऑगस्टमध्ये ते कोणत्या मासळीतून फेडले, एवढं विचारा. फेडण्याच्या बदल्यात सगळी मासळी त्याच व्यापाऱ्याला घालायची अट आहे का, हेही हळूच काढून घ्या. बंदीची किंमत बरेचदा तिथे लपलेली असते.

जायच्या आधी एखाद्या पहाटे नागपुरातल्या भोईपुऱ्याच्या मच्छी बाजारात चक्कर मारा. रोहू-कटला आंध्रातून आलेला दिसेल, बर्फातलं पापलेट मोजक्याच लोकांकडे. सुक्या मासळीच्या विक्रेत्याकडे मात्र थांबा. विदर्भातल्या गरीब घरात समुद्र पोचतो तो सुके झिंगे आणि बोंबील यांच्या रूपाने. तो माल कुठल्या बंदराचा, पावसाळ्यात भाव किती चढतो आणि मेमध्ये अवकाळी आला त्या वर्षी काय झालं, हे त्याला विचारून लिहून घ्या आणि तीच वही घेऊन किनाऱ्यावर जा.